हरवला त्यानं बसायचं

दगडाबाई हरवली ती दुपारी साडेतीनच्या सुमारास, भरल्या दवाखान्यातून, नवऱ्यापासून दहा पावलांवरून. औषधांच्या खिडकीपुढं रांग होती. जोतीराम रांगेत उभा होता आणि दर दोन मिनिटांनी मान वळवून बायकोकडं बघत होता. तीनदा बघितलं तेव्हा ती खुर्चीवर बसलेली होती. चौथ्यांदा बघितलं तर खुर्चीवर नुसती पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, डॉक्टरांची फाइल आणि घरच्या बागेतले दोन पेरू. बाई तेवढी नव्हती.

आधी त्याला भीती वाटलीच नाही, राग आला. एवढं बजावून सांगितलं होतं, हलू नकोस म्हणून. पण त्यानं सांगायचं आणि तिच्या ध्यानात राहायचं, हे गणित गेल्या वर्षभरात पार बिघडलं होतं. पिशवी उचलून, रांग सोडून तो बाथरूमपाशी गेला, झाडणाऱ्या बाईला आत बघायला लावलं. जिन्यात बघितलं, लिफ्टपाशी बघितलं. शेवटी काचेच्या दारावरचा वॉचमन म्हणाला, "हिरवं लुगडं ना? आत्ताच भाईर गेल्या की आज्जी. लई गडबडीत हुत्या. मला वाटलं, कुणाला तरी बोलवाय निघाल्यात."

"आन् तू जाऊ दिलीस?"

"बाबा, दवाखाना हाय ह्यो. मी कुणाकुणाला आडवू?"

जोतीराम दाराबाहेर आला आणि मग मात्र तो घाबरला. समोर रुंदच्या रुंद रस्ता, मधोमध कापून सारखी केलेली झाडं, पलीकडं काचेची इमारत, तिच्या शेजारी काचेची इमारत. डावीकडं बघावं तर तेच, उजवीकडं बघावं तर तेच. हिरवं लुगडं कुठंच दिसत नव्हतं. बायका पुष्कळ होत्या, पण सगळ्यांना आपापल्या जागी जायचं माहीत होतं.

खरं सांगायचं तर भीतीचं बी सकाळीच पडलं होतं, आणि ते जोतीरामनं कुणाला सांगितलं नव्हतं. मेंदूच्या डॉक्टरीणबाई चांगल्या बोलक्या होत्या. त्यांनी दगडाबाईला विचारलं, आज वार कुठला, साल कुठलं, पोरं किती. वार चुकला, सालाचं नावच नको, पोरं मात्र बरोबर सांगितली. मग त्यांनी विचारलं, "आजी, आपण आत्ता कुठल्या गावात आहोत?" दगडाबाईनं खिडकीतून खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. जिनं चाळीस वर्षं या गावात वांगी आणि घेवडा विकला, ती म्हणाली, "म्हाईत न्हाय बया. ह्ये गाव मी बघितलेलं न्हाय." डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

जोतीरामला संताप आला. अगं बारामती हाय की ही, असं तो म्हणणार होता. म्हणायच्या आधी त्यानंही त्याच खिडकीतून खाली बघितलं. आणि त्याच्या लक्षात आलं, की थोरल्या पोरानं, रविराजनं, सकाळी गाडीत बसवताना 'बारामतीला जायचंय' असं सांगितलं नसतं, तर आपल्यालाही सांगता आलं नसतं. पुणं असतं तरी खपलं असतं. टीव्हीत दाखवतात त्यातलं कुठलंही गाव असतं तरी खपलं असतं. तो खिडकीपासून मागं सरला. पण तेव्हापासून कागदावर लिहिलेलं ते आपल्याबद्दलही लिहिलंय, असं त्याला वाटत राहिलं.

आता त्यानं रविराजला फोन लावला. वरकुट्यातली पेरूची आणि डाळिंबाची बाग आता तोच बघतो. आईबापाला दवाखान्यात सोडून तो ठिबकचे फिल्टर बघायला एमआयडीसीकडं गेला होता.

"आबा, आसं कसं झालं? बरं, घाबरू नका. मी निघालोच. तुमी कुठं हाय आत्ता?"

"रस्त्यावं."

"कुठल्या रस्त्यावं? समोर काय दिसतंय?"

"काचंची बिल्डिंग."

"आवो, सगळ्याच काचंच्या हायेत! पाटी वाचा पाटी."

जोतीरामनं पाटी वाचली. मोबाइलच्या दुकानाची होती. रविराज म्हणाला, त्या दुकानाच्या पाच शाखा आहेत गावात. मग म्हणाला, "तुमी दवाखान्याच्या दारात थांबा, हलू नका." म्हणजे मघाशी बापानं आईला जे सांगितलं तेच. आणि आईनं जे केलं तेच बापानंही केलं. फोन खिशात टाकला आणि चालायला लागला, कारण तेवढ्यात त्याला हौद आठवला होता आणि जिवात जीव आला होता.

हौदाची गोष्ट पन्नास वर्षांमागची. दगडाबाई मोरगावकडची, कोरडवाहू रानातली. लग्नाआधी तिनं एवढा मोठा बाजार बघितलेलाच नव्हता. जोतीराम तिला पहिल्यांदा माळव्याच्या, भाजीपाल्याच्या बैलगाडीतून बारामतीला घेऊन आला, तेव्हा वरकुट्यातून सांजच्याला निघालेली गाडी दिवस उगवताना गावात शिरली. बाजाराच्या अलीकडं एक चढ होता. चढ लागला की गडी खाली उतरून चाकाला खांदा द्यायचे. चढ संपला की बैलं धापा टाकायची, आणि नेमका तिथंच, धापा टाकायच्या जागी, कुण्या शहाण्यानं बैलांना पाणी पाजायचा दगडी हौद बांधला होता. गाड्या तिथं सुटायच्या. हौदाच्या कडेला बसून जोतीरामनं नव्या नवरीला बाजाराचा कायदा सांगितला. "चुकामूक झाली तर दोघांनीबी हिंडायचं न्हाय. हरवला त्यानं हौदापाशी येऊन बसायचं. न्हाय हरवला त्यानं हुडकायचं."

नवरी हुशार होती. ती म्हणाली, "कोण हरवलं त्ये कसं कळायचं?"

जोतीराम हसला होता. "ज्याला आपण कुठं हाय त्ये कळंना, त्यो हरवला."

त्यानंतरच्या चाळीस वर्षांत ती चारदोनदा हरवली, नव्या-नव्यातच, आणि प्रत्येक वेळी हौदाच्या कडेला पदर सावरून बसलेली सापडली. एकदा तर भजी खात बसली होती. पुढं गाडी जाऊन टेम्पो आला, टेम्पो जाऊन पिकअप आली, व्यापारी बांधावर येऊन माल उचलायला लागले आणि म्हातारा-म्हातारीचं बारामतीला येणं सुटलं. पण कायदा कुठं जातोय? वार विसरली, साल विसरली, तरी पन्नास वर्षांचा कायदा ती विसरायची नाही. ती हरवलीय, म्हणजे ती हौदापाशी बसली असणार. आपण फक्त जायचं आणि हाताला धरून आणायचं.

जायचं खरं. पण कुठं?

पहिल्या चौकात त्यानं एका कॉलेजच्या पोरीला विचारलं. तिनं कानातला इअरफोन काढला, चांगुलपणानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हौद म्हणजे फाउंटन का? तो पुढच्या सर्कलला आहे बघा." जोतीराम पुढच्या सर्कलला निघाला. लांबूनच त्याला बैलं दिसली. चांगली दोन खिल्लारी, शिंगं रंगवलेली, मागं गाडी. पासष्टीनंतर कधी पळाला नव्हता तो म्हातारा पळत सुटला. एक मोटार कचकन थांबली, आतल्यानं शिवी दिली. जवळ गेल्यावर कळलं, बैलं फायबरची होती. गाडीत बसलेला शेतकरीही फायबरचा, तोंडभर हसणारा. भोवती कारंजं उडत होतं आणि कारंज्याभोवती लोखंडी कठडा होता, कुणी बसू नये म्हणून. माणूसबिणूस कुणीच नव्हतं.

तो कठड्याला धरून उभा राहिला. घशाला कोरड पडली होती. पिशवीतलं पाणी प्यावं असं त्याला वाटलं, मग वाटलं, ते तिचं पाणी आहे, तिलाही तहान लागली असेल. त्यानं बाटली तशीच ठेवली.

तिथून पुढं तो किती हिंडला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. रस्ते सगळे चकचकीत, फूटपाथला एकाच रंगाचे ब्लॉक, दिव्यांचे खांब एकाच मापाचे. एका बागेपाशी आला, मग दहा मिनिटांनी पुन्हा त्याच बागेपाशी आला, की ती दुसरी बाग होती, कुणास ठाऊक. गाव नेटकं झालं होतं यात शंका नाही. खड्डा नव्हता, उकिरडा नव्हता, डुकरं नव्हती. वरकुट्यात बसून तो स्वतः दहा जणांना सांगायचा, बघा आमची बारामती, पुण्यानं तोंडात बोट घालावं. आता त्याच गावात उभं राहून त्याला एक खड्डा हवा होता, ओळखीचा. एखादा वाकडा खांब, एखादी पडकी भिंत. ज्याच्याकडं बघून म्हणता येईल, हां, म्हणजे आता डावीकडं वळायचं. माणूस एवढ्याशा गोष्टीसाठी रडकुंडीला येतो हे त्याला माहीत नव्हतं.

एका वळणावर पाणी दिसलं आणि त्याचे पाय थबकले. कॅनॉल. दोन्ही अंगांनी बांधून काढलेला, कडेला चालायची वाट, वाटेला दिवे. आणि शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलेलं. काठोकाठ, गढूळ, आवाज न करता वाहणारं पाणी. कॅनॉलचं पाणी बघून ज्याला आनंद होत नाही तो शेतकरी कसला? पण त्या दिवशी त्या पाण्याकडं बघताना जोतीरामच्या अंगावर काटा आला. पूर्वी बाजारातून परतताना दगडाबाई कॅनॉलवर पाय धुवायची. मातीची उतरण होती, दगड होते. आता सरळ भिंत आहे, हे तिच्या डोक्याला कोण सांगणार?

आणि मग त्याला ते दिसलं. पुलाच्या खांबाला अडकलेलं, पाण्याबरोबर वर-खाली होणारं, हिरवं कापड.

त्याला ओरडताही येईना.  त्यानं नुसता हात पुढं केला. कडेनं चाललेल्या एका बाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, हाताकडं बघितलं, मग पाण्याकडं. "काय झालं हो काका?" तिनं हाक मारून दोघांना गोळा केलं. एकानं पुलावरच्या कामाची लांब सळई घेतली, वाकून कापड ओढलं. ते वर यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात जोतीराम मनात वरकुट्याला जाऊन आला. ओसरीवर माणसं बसलेली, रविराज भिंतीला टेकलेला, आणि कुणीतरी विचारतंय, आबा, तुमी कुठं हुता?

शेडनेटचा, रोपांवर सावलीला ताणतात त्या जाळीचा तुकडा होता. कुणाच्या तरी रोपवाटिकेतून उडून आलेला.

"शेडनेट हाय काका, शेडनेट," सळईवाला म्हणाला. जोतीराम मटकन खाली बसला आणि मोठमोठ्यानं रडला. लाज वाटायचं वय गेलं होतं. त्या बाईनं त्याला पाणी पाजलं, सगळं विचारून घेतलं आणि जवळच्या पोलीस चौकीत आणून सोडलं.

चौकीतली पोलीस बाई रविराजच्या बायकोच्या वयाची होती. तिनं आधी खुर्ची दिली आणि मग वही उघडली. नाव, गाव, वय, कपडे, पोराचा फोन नंबर. "उंची?" त्यानं स्वतःच्या खांद्यापाशी हात धरला. "रंग?" सावळा. "ओळखायची काही खूण? चामखीळ, व्रण, गोंदण?"

"गोंदण हाय," तो चटकन म्हणाला. "हाताव."

"कुठल्या हातावर? काय गोंदलंय?"

 गोंदण होतं. तुळस होती, का वेल होती? दोन ठिपके होते, का तीन? भाकरी वाढताना तो हात पन्नास वर्षं त्याच्या डोळ्यांपुढून गेला होता. उजवा म्हणावं तर डावा वाटत होता, डावा म्हणावं तर उजवा. पोलीस बाई थांबली होती. "राहू द्या बाबा," ती शेवटी हळूच म्हणाली, "घाबरल्यावर आठवत नाही. कॅमेऱ्यांवर बघायला सांगते. तुम्ही इथंच बसा."

पण तिथं बसणं त्याला शक्यच नव्हतं. वर्षभर तो बायकोवर खेकसत होता, एवढं कसं आठवंना गं तुला? आणि आता त्यालाच बायकोचा हात आठवत नव्हता. आपल्यालाही तेच लागलंय की काय? का हे सगळ्यांनाच लागलंय, ह्या गावालासुद्धा? फोनवर बोलायचं निमित्त करून तो चौकीबाहेर पडला.

उन्हं कलायला लागली होती. एका मोठ्या पार्किंगच्या फाटकापाशी निळ्या गणवेशातला एक म्हातारा स्टुलावर बसला होता. मोडलेलं नाक आणि बैलासारखी मान बघून जोतीरामला बाजारातले हमाल आठवले. तो जवळ गेला. "गेणू का रं तू? वांग्याची पोती उचलायचास?"

"कोण? जोतीराम? वरकुट्याचा?" गेणू उठून उभाच राहिला. कुणा जिवंत माणसानं आपल्याला ओळखावं याचा त्या दोघांना एवढा आनंद झाला, की क्षणभर जोतीराम कशासाठी आलाय तेच विसरला. मग त्यानं एका दमात सांगितलं.

"हौद?" गेणूनं टोपी काढून डोकं खाजवलं. "आरं, हौद फोडला तवा मजुरीवं मीच हुतो. आठ-नऊ वर्सं झाली. घण मारून मारून हात सुजलं हुतं माजं. लई पक्का हुता."

"मग दाव की लवकर! कुठं हुता?"

गेणूनं उजवीकडं बघितलं. मग डावीकडं. मग त्यानं हात वर केला आणि तसाच खाली घेतला. त्याच्या तोंडावरचं हसू उतरलं. "जोतीराम, तुला शप्पथ सांगतो, मला आता दावता यायचं न्हाय. रस्ता उचलला, गल्ली फिरवली, लिंब तोडला. मी रोज हितं उभा ऱ्हातो, पर कुठं उभा हाय म्हणून इचारशील तर पाटी वाचून सांगतो." त्यानं पायानं फूटपाथ दाबून बघितला. "हिकडंच कुठंतरी आसंल. ह्या ब्लॉकच्या खाली."

ज्यानं हौद स्वतःच्या हातानं फोडला त्यालाही जागा सांगता येईना, म्हटल्यावर जोतीरामची उरलीसुरली आशा गेली. दगडाबाई कायदा पाळायला निघाली असेल, आणि कायद्याची जागाच नाही. म्हणजे ती बसलेली नाही. ती चालतेय. कुठं तरी, भरल्या रस्त्यानं, हौद येईल, आता येईल, म्हणून चालतेय. तो गेणूचा हात सोडून तसाच पुढं निघाला. गेणू मागून ओरडत होता, "आरं थांब, मी शिट्टी फुकतो, चार जणांना सांगतो," पण ते त्याच्या कानांत शिरलं नाही.

खिशात फोन वाजला. रविराज. "आबा, मी चौकीत आलोय, तुमी कुठं गेलाय? आता मी आईला हुडकू का तुमाला?"

"तिला हुडक," जोतीराम म्हणाला. "मी हाय."

"कुठं हाय?"

 त्यानं फोन तसाच चालू ठेवून खिशात टाकला. खिशातून पोराचा आवाज येत राहिला, बारीक, मग बंद झाला.

त्यानंतर तो बघायचाच थांबला. बघून उपयोग नव्हता. मान खाली घालून, फूटपाथचे लाल-करडे ब्लॉक बघत तो चालत राहिला. गुडघे दुखायला लागले. श्वास लागायला लागला. मघापासून एवढा हिंडलो, मग आत्ताच का धाप लागली, एवढाही विचार त्याच्या डोक्यात आला नाही. पाय जड झाले, अंग पुढं झुकलं, आणि एकदा तर चाकाला खांदा द्यावा तसा त्याचा उजवा खांदा आपोआप पुढं आला. रस्ता हलकासा चढत होता. मोटारीतल्याला कळणारही नाही असा. थोडं पुढं गेल्यावर चढ संपला आणि त्याची ताकदही संपली.

एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीखाली सिमेंटचा कट्टा होता. मागं काचेची भिंत, काचेच्या आत खुर्च्या, खुर्च्यांत लोक कॉफी पीत होते. जोतीराम कट्ट्यावर बसला. त्यानं चारी बाजूंना एकदा बघितलं. एकही गोष्ट ओळखीची नव्हती. आणि मग पन्नास वर्षांपूर्वी स्वतःच हसत हसत सांगितलेलं वाक्य त्याच्या मनात आपसूक उमटलं. ज्याला आपण कुठं हाय त्ये कळंना, त्यो हरवला. म्हणजे दगडाबाई नाही. मीच की. त्यानं पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली आणि हरवलेल्या माणसानं बसावं तसा बसला. 

किती वेळ गेला कुणास ठाऊक. खांबांवरचे दिवे लागत होते.

"हितं हाय व्हय!"

आवाज एवढा ओळखीचा होता की त्याला तो आतूनच आल्यासारखा वाटला. समोर दगडाबाई उभी होती. हिरवं लुगडं, पायांत एकच चप्पल, पदर कमरेला खोचलेला, कपाळावर घाम. आणि रागावलेली. चांगली पूर्वीसारखी, भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकावर रागवायची तशी रागावलेली.

"किती हुडकाय लावलं! त्या खिडकीपाशी म्हागं बघून बघून मान मोडत हुता तुमी, तवाच वळखलं मी, ह्ये घाबरल्यात, ह्यास्नी कळंना कुठं हाय. पानी आणाय उठले तर तुमी गर्दीत दिसंना. मग काय, हुडकत सुटले. तेल्याच्या घाण्यापाशी बघितलं, गुळाच्या अडतीवं बघितलं, लोहारआळीला जाऊन आले. म्हणलं, आता हौदापाशीच आसतील. आलं की न्हाय ध्यानात तुमच्या?"

जोतीराम तिच्याकडं बघत राहिला. तेल्याचा घाणा जाऊन तीस वर्षं झाली होती. लोहारआळी त्याला आता आठवतही नव्हती. ती ह्या सगळ्यातून, मोटारी, दुभाजक, काचा यांच्यामधून, नसलेल्या गल्ल्यांनी चालत आली होती. कितीदा चाकाखाली जाता जाता वाचली असेल कुणास ठाऊक. आणि बरोबर आली होती. त्यानं कट्ट्याकडं बघितलं. चढ संपतो ती जागा. धापा टाकायची जागा.

"हौद हितंच हुता?" त्यानं विचारलं.

"हुता काय? तुमी बसलाय कशावं मग?" ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली.

त्याला हसू आलं आणि रडूही आलं. त्यानं पिशवीतून बाटली काढून तिला दिली. ती घटाघटा पाणी प्यायली. तिचा हात त्यानं दिव्याच्या उजेडात धरला. डावा. तुळस होती, कुंडीसकट, आणि खाली तीन ठिपके. त्यानं ते ठिपके एकदा मोजले, पुन्हा मोजले. आता कुणीही विचारलं तरी सांगता येईल. फोन लावायला हवा होता, रविराज वेडापिसा झाला असेल. लावू, तो मनात म्हणाला. जरा बसू. त्यानं तिला एक पेरू दिला, एक आपण घेतला.

पेरू हातात तसाच धरून दगडाबाई समोर बघत होती. रस्त्यावरून मोटारी चालल्या होत्या. पलीकडच्या भिंतीवर मोठ्या पडद्यावर एक बाई हसून साबण दाखवत होती. हळूहळू दगडाबाईच्या तोंडावरचा राग उतरला, मग त्या रागाबरोबर आलेलं सगळंच उतरलं. तिनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. जोतीरामच्या हातातली तिची बोटं घट्ट झाली.

"अवो," ती म्हणाली.

"आं?"

"ह्ये कुठलं गाव हाय?"

त्यानं सांगितलं. दोनदा सांगितलं. हौद, चढ, बैलं, सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिची नजर त्याच्यावरून निघून समोरच्या उजेडावर जात होती आणि तिथून परत येत नव्हती.

"मला कळंना मी कुठं हाय," ती अगदी हळू म्हणाली. मग तिनं पदर सावरला, पाय जुळवून घेतले आणि नीट बसली. "मी हरवले म्हणजी. मी हितंच बसते, कुठं जात न्हाय. तुमी या मला हुडकाय."

तिचा हात त्याच्या हातात होता.

"येतो," जोतीराम म्हणाला.

"लवकर या. मला भ्या वाटतंय."

"हुडकतोय," तो म्हणाला. "हुडकतोय गं."